विनोदिनीच्या नावाचं पाणी

विहिरीचं पाणी गेलं हे कळलं त्या सकाळी मोट रिकामीच वर आली. धावेवर बैल एकदम हलके चालायला लागले. वाकून बघितलं. तळाला पांढरा चिखल, त्यात मासे तडफडत होते. माघ चालू होता, गहू ओंबीवर आलेला.

नालछा गावाच्या अलीकडे आमची टेकडी. तिच्यात चुनखडी आहे. खाण काढायच्या आधी एका कंपनीने सुरुंग लावून बघायला सुरुवात केली होती. भोकं पाडायला रोजाने गावचीच पोरं. माझा मुलगा श्रीपादही.

शेजारचा भेरूलाल पटेल बांधावर आला.

"अण्णा, माझ्या कुव्याचंबी हेच हाल हाय. टेकडीचं पोट फाडलं, पानी पळालं."

"उन्हाळ्यात आटतंच की," श्रीपाद म्हणाला.

"माघात उन्हाळा कवापासून लागला भिया?"

श्रीपाद चिडला. "खाण झाली की पक्की नोकरी देणारेत. पगारी. गहू पिकवणाऱ्याला आजकाल पोरगी कोण देतं?"

"पोरगी देतील रे. पन तिला प्यायला काय देशील? चुना?"

मला हसू आलं नाही. श्रीपादलाही नाही.

श्रावणात माझी बायको विनोदिनी गेली. आमच्यात माणूस गेलं की वर्षभर रोज त्याच्या नावाने भरला कलश देतात. गावात भटजी नाही, म्हणून मी तो भवानीबाईंना देतो. एकटी म्हातारी, तिची तहान तरी भागते. त्या दिवशी विहिरीत उतरून वाटीने पाणी भरलं. ते निवळेना. तसंच नेलं.

म्हातारीने घोट घेतला, पदराने तोंड पुसलं.

"दात करकरतात रे माझे," ती म्हणाली. "असलेले दोन."

मग कलश बाजूला सरकवून म्हणाली, "तिला हे पोचवू नको, बाबा."

विनोदिनी गेली तेव्हा मी रडलो, पण घाबरलो नव्हतो. आता घाबरतो. टेकडीकडे धडाम् झालं की बैल दावं ओढतात. खालच्या अंगाच्या सगळ्या विहिरी त्याच टेकडीच्या पाण्यावर आहेत. टेकडीच गेली तर खाणीचा पगार घेऊन पाणी कुठून आणायचं, हे कोणी सांगत नाही.

टेकडीवर मोटारी न्यायची वाट माझ्याच शेतातून जाते. मी नाही म्हटलं तर त्यांचं काम अडेल, आणि पोराची नोकरी जाईल. उद्या चौपालावर, गावच्या बैठकीत, कंपनीचे साहेब सगळ्यांसमोर मला वाट देणार का विचारणार आहेत.

श्रीपाद गोठ्यात वैरण टाकत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अण्णा, उद्या हो म्हणाल ना? आई असती तर माझ्या बाजूने बोलली असती."

बोलली असती की नाही, मला खरंच ठाऊक नाही. तिला विचारायची सोय नाही.

मी बैलांना लांबच्या नदीवर नेऊन पाणी पाजून आणलं. श्रीपादला उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.