आबांनी बसवलेली फरशी

फरशी घरीच बसवली तर उखर्डू आबांचा फायदा उघड होता. अय्युब मिस्त्रीची मजुरी वाचणार, त्याच्या हाताखालच्या माणसांची वाचणार, आणि सगळ्यांचा दिवसभराचा चहा वाचणार. शिवाय पुढे मरेपर्यंत येईल त्या गिऱ्हाइकाला "मिस्त्री लागतो कशाला?" असं विचारता येणार. आबांची नरडाण्याला पिठाची गिरणी होती, आणि त्यांच्या काट्यावर हा शेवटचा फायदा सगळ्यांत जड भरत होता.

फरशी बसवलीच नाही तर तोटाही तितकाच उघड होता. नव्वद सालची होळी पेटली त्याच दिवशी झुंबरबाईने नवऱ्याला बजावलं होतं.

"आखाजीले बठ्ठ्या बाया झोकावर गाणा म्हणतीस, अन् मी शेणमा हात घालीसन घर सारवस. यंदा फरशी नई, तर मी दोंडाईचाले भाऊकडे चालनी. मग तुम्हीच रांधा, तुम्हीच जेवा."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, घरात खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस असतो. आबांना चहासुद्धा करता येत नव्हता. धमकी पोचली. आठवड्याच्या आत धुळ्याहून शहाबादी फरशी येऊन अंगणात रचली गेली. बसवायची कोणी, एवढंच ठरायचं राहिलं.

अय्युब मिस्त्री आला, दोन्ही खोल्यांतून फिरला आणि आकडा बोलला.

"अरे, फरशी माझी आहे," आबा म्हणाले. "तू नुसती खाली ठेवायची."

"खाली ठेवलेलीच आहे की आबा. अंगणात."

"म्हणजे कमी नाही?"

"आज आहे तो भाव. आखाजीच्या तोंडावर बोलावलंत तर मग भाव वेगळा."

आबांनी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं, आणि त्याच बैठकीत त्यांना जावई आठवला. वना जळगावला प्लास्टिकचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. स्वतःच्या स्वयंपाकघराची फरशी आपण सुट्टीत कशी बसवली, हे त्याने दिवाळीत फराळ संपेपर्यंत सांगितलं होतं. जावई घरचा. त्याने बसवली म्हणजे आपणच बसवली. आबांनी जळगावला निरोप धाडला.

वना आला, बायकोला म्हणजे आबांच्या प्रमिलाला घेऊन आला, आणि लेव्हल पाहायला पारदर्शक नळीचं वेटोळंही घेऊन आला.

"दोनच खोल्या ना? हां हां म्हणता बसवू, आबा!"

पोकळ बढाई नव्हती ती. त्याने नळीत पाणी भरून भिंतींवर खुणा केल्या, दोरी ताणली, सिमेंट-वाळूचा मसाला कालवला आणि पहिली फरशी अशी बसवली की आबा तिच्यावर उभे राहून हसले. मग ते निर्धास्तपणे गिरणीवर गेले. नेमकी तेव्हाच शेजारची ताईबाई विरजण मागायला आली.

"व माय! जवाईना हातमा थापी?" ती दारातच थबकली. "झुंबर, गावमा मजूर सरनात का वं?"

विरजण न घेताच ती परत फिरली. कुठे गेली ते सांगायला नको, कारण दुपारच्या आत आबांचा चुलतभाऊ पितांबर गिरणीवर हजर झाला. दळण त्याच्याकडे नव्हतंच.

"आबा, आमना जवाई बी रिकामा शे. धाडू का तुना गिरणीवर? पोता उचली."

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आबांनी पट्टा उतरवला, गिरणी बंद केली आणि घर गाठलं.

"उठा, जावईबापू. खाटेवर बसा."

"अहो, पण काम?"

"काम मी करतो. तुम्ही नुसतं सांगा."

खाट दारात टाकली गेली, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला जावई बसलेला दिसेल अशी. आबांनी धोतर खोचलं आणि थापी घेतली.

वना मुळात मवाळ स्वभावाचा. पण खाटेवर बसवलं की कोणीही साहेब होतो. "आबा, डावीकडे जरा." "आबा, मसाला पातळ झाला." "आबा, उचला परत." आयुष्यभर दुसऱ्यांना 'उचला' म्हणणारे आबा मुकाट्याने उचलत होते.

आत झुंबरबाईची कढई थंड होत नव्हती. आज शेवया, उद्या पुरण, आणि दोन्हींवर तूप. आबांनी चुलीजवळ जाऊन हळूच विचारलं, "रोज गोड कसाले?"

"जवाई शे तो. बलावं कोणी? तुम्हीच ना? भाकर वाढू म्हणता? ताईबाईले इचारी येस."

आबा परत मसाला कालवायला गेले.

अय्युबही डोकावला. खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला, चहा प्यायला.

"आबा, माझ्या हाताखाली एक जागा आहे बरं का."

"मजुरी काय देशील?" आबांनी मान वर न करता विचारलं.

"काम बघून. ती कोपऱ्यातली पहिली फरशी झकास आहे."

"ती वनाने बसवली."

"हां. मग दुसरी बघतो."

आखाजीच्या आदल्या दिवशी शेवटची फरशी बसली. झुंबरबाईने मधोमध बादलीभर पाणी ओतलं. पाणी थोडं घुटमळलं आणि निमूटपणे मोरीकडे गेलं. तिने पदराला हात पुसले, प्रमिलाला हाक मारली आणि निंबाकडे निघाली. तिचा गाण्याचा आवाज त्या संध्याकाळी पार गिरणीपर्यंत येत होता, आणि चांगला होता. आबांनीही तो प्रथमच ऐकला.

निघताना वनाला नुसत्या टॉवेल-टोपीवर बोळवता येईना. जावयाला कामाला बोलावल्याचं गावात झालं होतं. ते पुसायला सफारीचं कापड लागलं, प्रमिलाला भारी लुगडं लागलं. वनाला खाट चांगलीच मानवली होती. "पुढच्या वर्षी अंगण घेऊ, आबा!" तो बसमधून ओरडला.

आबा गिरणीवर उभे राहून सांगतात ते खोटं नाही: फरशी त्यांनीच बसवली. अय्युबला दमडी गेली नाही, हेही खरं. पण हिशेब मांडला तर असा होतो. ताईबाईला बोलायला विषय मिळाला. अय्युबला फुकट चहा. वनाला मिस्त्रीचा मान आणि जावयाचाही. झुंबरबाईला झोका. या सगळ्यांचं बिल भरलं ते दिवसभर उकिडवं बसून काम करणाऱ्या मजुराने. काम करून वर पैसेही स्वतःच्याच खिशातून मोजणारा मजूर नरडाण्याने तेवढा एकच पाहिला.