एक इंच वजा

मी एक जुना टेप आहे, आणि मित्रांनो, मी एका मुलीचा जीव वाचवला आहे. निदान वाकोल्यात तरी तसं सांगतात. खरं म्हणजे तिचं पोट फाडायची वेळ माझ्यामुळेच आली होती. पण ते पुढे.

बासष्ट साली वाकोल्याच्या बॅप्टिस्ट शिंप्याने मला विकत आणलं. तेव्हा मी पिवळाधमक, साठ इंचांचा, दोन्ही टोकांना पितळी पत्रा असा होतो. बॅप्टिस्टच्या गळ्यात लोंबत मी कितीतरी नवरदेवांच्या छात्या आणि त्यांच्या सासऱ्यांची पोटं मोजली. लोक म्हणत, "बॅप्टिस्टचं माप म्हणजे माप!" माझं नाव कुणी घेत नसे. मी मनाला लावून घेतलं नाही.

मग एकोणसत्तर साली त्याच्या चार वर्षांच्या लेकीने, इव्हाने, मोठी कात्री उचलली आणि माझा पहिला इंच कापून बाहुलीला पट्टा केला. बॅप्टिस्टने मला टाकलं नाही. "नवे टेप ताणतात रे, हा ताणत नाही," असं तो शेजाऱ्याला म्हणाला. तेव्हापासून माझी सुरुवात शून्याऐवजी एकपासून. तो टेपवरचा आकडा वाचायचा, एक वजा करायचा आणि उरेल त्याला 'अंगाचं माप' म्हणायचा. पाच वर्षांत ही वजाबाकी एकदाही चुकली नाही.

चौऱ्याहत्तर साली इव्हा भाड्याच्या सायकलवरून पडली. हँडल डाव्या बरगडीखाली घुसलं. दवाखान्यातल्या सर्जन वनमालाबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "प्लीहा फाटलीय. आत रक्त आलंय."

"मग कापणार?" बॅप्टिस्टने विचारलं. आयुष्यभर कापण्याचा धंदा केलेला माणूस, पण हा शब्द त्याने कुजबुजून उच्चारला.

"सगळे डॉक्टर ती काढूनच टाकतात. पण लहान मुलांची काढली की पुढे साधा तापही जिवावर बेततो. रक्त आपोआप थांबतंय का, बघू या. दर तासाला नाडी, रक्तदाब आणि पोटाचा घेर. पोट वाढलं तर मात्र थांबायचं नाही."

दवाखान्याचा टेप कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर गेली होती. बॅप्टिस्टने मला गळ्यातून काढून दिलं. "सिस्टर, एक वजा करायचा हां!"

शेवंती सिस्टरने इव्हाच्या बेंबीच्या रेषेत शाईची खूण केली. दर तासाला मी त्या खुणेवरून फिरायचो. इव्हा म्हणायची, "गुदगुल्या होतात ना! आणि एवढी मापं घेता, तर झगा कधी शिवणार?" तक्त्यावर तेवीस, तेवीस, तेवीस. ड्यूटी बदलताना प्रत्येक सिस्टर दुसरीला बजावायची, "एक वजा गं." असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला शेवंती सिस्टर घाईत निघाली आणि नव्या मॉनिका सिस्टरला सांगायचं राहून गेलं. मॉनिकाने मला नीट गुंडाळलं, नीट वाचलं, नीट लिहिलं: चोवीस.

वनमालाबाई धावत आल्या. नाडी तीच, दाब तोच. पण पोट वाढलं तर थांबायचं नाही, हे त्यांचंच फर्मान. स्ट्रेचर आलं. हत्यारं उकळायला पडली. घरून कपडे बदलून आलेल्या बॅप्टिस्टच्या हातात त्यांनी संमतीचा कागद ठेवला.

"सही करा. घेर वाढलाय."

"किती?"

"एक इंच."

बॅप्टिस्टचं पेन हवेत थांबलं. "पुरा इंच? पाऊण नाही, सव्वा नाही?"

"अहो बॅप्टिस्ट, शिवणकाम नंतर!"

"बाई, माणसाचं अंग असं मोजून एक इंच वाढत नाही." तो मॉनिकाकडे वळला. "सिस्टर, चोवीस टेपचं की अंगाचं?"

"म्हणजे काय?"

वनमालाबाईंनी मला उचललं, माझं कापलेलं टोक पाहिलं आणि स्वतः इव्हाचं पोट मोजलं. टेपचं चोवीस. अंगाचं तेवीस. मग त्या इव्हासाठी आणलेल्या स्ट्रेचरवरच मटकन बसल्या आणि हसू लागल्या. मॉनिका रडली. बॅप्टिस्टने आधी क्रूसाची खूण केली, मग माझा मुका घेतला. पितळी पत्रा गेल्यापासून एवढा मान मला मिळाला नव्हता.

"मग मला पाव मिळणार का?" तीन दिवस उपाशी ठेवलेल्या इव्हाने विचारलं.

पंधराव्या दिवशी ती प्लीहेसकट घरी गेली. तीन महिने सायकल बंद.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू जरूर सांभाळा. पण दुसऱ्याच्या हाती देताना आमची खोटही मोठ्याने सांगा. मी स्वतः सांगू शकत नाही.

बॅप्टिस्टने वनमालाबाईंना एक पांढरा कोट शिवून दिला. माप घेताना तो इतका आनंदात होता, की कोट छातीला एक इंच सैल झाला.