काका सेक्शनमध्ये आहेत

माझे काका चनबसप्पा, रेल्वेचे ड्रायव्हर, वारल्यानंतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. इंजिन प्लॅस्टिकच्या विटांचं होतं, रंग लाल आणि पिवळा.

असं काही घडलेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलेलं आहे, आणि ठरलेलं मोडायला मी घरात सगळ्यांत लहान. तेव्हा काका वारले, त्यांना पुरलं, विषय संपला, असं धरूनच पुढचं वाचावं.

त्या वर्षी देशातल्या सगळ्या गाड्या वेळेवर धावतात, असं रेडिओ रोज सांगायचा. मी कॉलेजात नापास होऊन सोलापुरात काकूकडे बसून होतो. आई-वडील अक्कलकोटकडे शेतात होते, पण बसून राहायला शहर बरं असतं. घरात तिघंच: मी, नीलम्मा काकू आणि काकांची आई, पार्वतम्मा अज्जी. अज्जी सांगायची की तिच्या लहानपणी होटगीला स्टेशन नव्हतं. म्हणजे एक तर ती शंभरीच्या पुढं होती किंवा थापा मारत होती. दोन्ही तिला शोभत होतं.

अज्जीला जायचं होतं. दुखणं हाडात शिरलेलं, पाठीला जखमा, कुशीवर वळवलं तरी ती दात नसलेलं तोंड गच्च मिटायची. डॉक्टर सांगायचे, आता काही खरं नाही. मग होटगीहून, अक्कलकोटहून माणसं यायची, खाटेभोवती बसायची, काकू कपाळाला विभूती लावायची. अज्जीचा श्वास लांबत लांबत जायचा, थांबायचा. बायका तोंडाला पदर लावायच्या. आणि अज्जी डोळे उघडून म्हणायची, "सुटंना की गं गाडी. च्या ठेव." असं इतक्यांदा झालं की पाहुणे आता परतीचं तिकीट काढूनच यायला लागले होते.

विटा आल्या त्या माझ्या मावसभावामुळे. शिवयोगी एका मिलकडून नवे माग शिकायला जर्मनीला गेला होता. येताना त्यानं एक खोका आणला, 'घरातल्या लहानांसाठी'. घरात सगळ्यांत लहान मी. मला तेव्हा मिशी होती. खोक्यात खटक्यानं एकमेकींत बसणाऱ्या रंगीत विटा, चाकं, निळे रूळ, एक मोटर आणि सेल ठेवायचा छोटा डबा. झाकणावर एका परदेशी इंजिनाचं चित्र होतं, गुळगुळीत, चपट्या तोंडाचं.

काकूनं चित्र लांब धरून बघितलं. "ह्येला इंजिन म्हनतेत? धुराडं कुटाय? भीम्या, मालकांचं कर की."

मालक म्हणजे काका. काकांचं इंजिन मीटर गेजचं, कोळशाचं. मी लागलो कामाला. चौकोनी विटांचा गोल बॉयलर होत नाही. तो शेवटपर्यंत ट्रंकेसारखाच दिसला. मोटर बॉयलरमध्ये मावेना, म्हणून मागच्या कोळशाच्या डब्यात बसवली. म्हणजे इंजिन डबा ओढत नव्हतं, डबाच इंजिनाला ढकलत होता. वळणावर मधली चाकं रूळ सोडायची, तेव्हा त्यांच्या कडा ब्लेडनं तासल्या. चाकं जोडणारे दांडे छत्रीच्या काड्यांचे केले. ड्रायव्हर उभा राहतो ती जागा मात्र मी नीट केली, कारण काकू पाठीमागं उभी होती.

"डाव्या अंगाला हात टेकायला जागा ठिव," ती म्हणाली. "त्यांचा खांदा धरतोय."

वळणांची भानगड नको म्हणून रूळ सरळच टाकले: पुढच्या खोलीतून, अज्जीच्या खाटेच्या पायथ्यावरून, मागच्या बोळाच्या तोंडापर्यंत आणि तिथून बोळातून परसापर्यंत. बटण दाबलं. इंजिन घरघरत निघालं आणि बोळाच्या तोंडाशी थांबलं. ढकललं, तरी पुढं जाईना. उलटं फिरवलं की बिनबोभाट परत. मी म्हटलं, सेल उतरले असतील.

आमच्या गल्लीत घरोघर माग होते. दिवसभर चादरींचा खडखडाट, आम्ही एकमेकांशी बोलायचो ते ओरडूनच. पण दुपारी वीज जायची आणि सगळे माग एकदम गप्प व्हायचे. ती शांतता अशी असायची की भिंतीवरच्या पालीनं कूस बदलली तरी कळावं. अशाच एका दुपारी वीज गेली, आणि मला घरघर ऐकू आली.

इंजिन चाललं होतं. माझ्या हातात त्याचे सेल होते. मी ते उन्हात तापवायला काढले होते.

मी डबा उघडला आणि मोटरही काढून घेतली. मोटर काढल्यावर ते जरा हलकं चालायला लागलं.

अज्जीच्या खाटेपाशी ते हळू झालं. तिथं कोळशाचा आणि तेलकट चिंध्यांचा वास येत होता. काका घरात शिरले की यायचा, तोच. काकू भिंतीला टेकून उभी होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, माणूस जातोय म्हणून बाजूला झाली. इंजिन बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबलं. मी बॉयलरला हात लावला आणि काढून घेतला. तिथली पिवळी वीट जरा मऊ झाली होती.

"चन्ना आला व्हय?" अज्जीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

काकूनं बशीत चहा ओतून रुळाशेजारी ठेवला. माग परत सुरू झाले तेव्हा बशीत तळाला नुसती पावडर होती. आता लोकांची भुतं पिंपळावर बसतात, विहिरीत राहतात, निदान मोकळ्या जागी तरी असतात. आमचं वीज गेल्यावर ड्युटी करायचं. अशा भुताबद्दल शेजाऱ्यांना सांगणार तरी काय?

मी तिप्पण्णाला बोलावून आणलं. तिप्पण्णा काकांचा फायरमन. काका गाडी हाकायचे आणि हा कोळसा टाकायचा. त्याला आधी हसू आवरेना.

"वैनी, ह्ये इंजिन हाय का कुक्कूच्या डब्या चिकटवल्यात? साहेबांनी बघितलं आसतं तर भीम्याला भट्टीत घातलं आसतं."

"वीज जाऊ दे," काकू म्हणाली.

वीज गेली. इंजिन निघालं. तिप्पण्णा चार पायांवर उतरला, गाल फरशीला टेकवून ड्रायव्हरच्या जागेत बघू लागला. उठला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काय न्हाय. माझी बाजू मोकळी ठिवलीया." त्यानं खिशातून विडी काढली, उलटी तोंडात धरली. "लगेच येत न्हाय म्हनावं. पोरीचं लगीन हाय."

मग त्यालाही तेच दिसलं. इंजिन बोळाच्या तोंडाशी उभं. "हितं का थांबतंय? फुडं रूळ हायेत की."

काकू खाली बघत म्हणाली, "गोळा न्हाय न्हवं."

इथं आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. एकेरी लाइनवर एका वेळी एकच गाडी जाते. स्टेशनात कुलूपबंद यंत्रातून लोखंडी गोळा निघतो. गोळा ज्या ड्रायव्हरकडे, रस्ता त्याचा. पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात तो गोळा पडेपर्यंत मागून दुसरी गाडी सुटत नाही. आमचा बोळ एका माणसाच्या रुंदीचा आणि संडास परसात. काकांनी लोखंडाचा एक गोळा चामड्याच्या पिशवीत घालून बोळाच्या तोंडाशी खिळ्याला टांगला होता. जाणारानं न्यायचा, आल्यावर टांगायचा. खिळा रिकामा असला की बाकीच्यांनी कळ काढायची. एकदा मोडनिंबचे पाहुणे घाईत गोळा खिशात घालूनच एस. टी.त बसले. काका दुसऱ्या दिवशी मोडनिंबला जाऊन तो घेऊन आले. तोवर त्यांनी आम्हाला बोळात पाऊल टाकू दिलं नाही. आम्ही सगळे शेजारी जात होतो, अज्जीसुद्धा.

"मग गोळा कुटाय?" तिप्पण्णानं विचारलं.

"त्यांच्याकडंच." काकू म्हणाली. "आमच्यात बसवून पुरतेत. समादीत ड्युटीच्याच कोटात बसले हुते, लई शांत. मला वाटलं, तितं बोळ आसंल, नसंल. अडायला नगं. म्हनून मांडीवर ठिवला."

तिप्पण्णानं विडी तोंडातून काढली. "आता कळलं. वैनी, साहेब गोळा घेऊन निघाले. फुडच्या ठेसनात तसलं यंत्र न्हाय, गोळा घ्यायला कोन न्हाय. म्हंजे गाडी पोचली न्हाय. हितंबी न्हाय, तितंबी न्हाय. सेक्शनमधी हाय." मग तो आवाज खाली आणत म्हणाला, "आन् जवर ती सेक्शनमधी हाय, तवर ह्या घरातनं दुसरी गाडी सुटायची न्हाय."

आम्ही तिघांनीही वळून खाटेकडे बघितलं.

"मी कवाधरनं सांगायलेय," अज्जी म्हणाली.

मिलमधलं एक मोठं बेअरिंग फोडून मी गोळा आणला, पिशवीत घालून रुळाशी धरला. इंजिन मागं सरकलं. काकांनी आयुष्यात परका गोळा हाती घेतला नव्हता. पुढच्या दुपारी मी शेंगांचा लाडू ठेवून बघितला, काकांना आवडायचा. त्यावर चाकांचा काळा ओरखडा उठला. त्या घरघरीत एक खाकरल्यासारखा आवाज होता. काकू माझ्यावर रागावण्याआधी काका मला सावध करायला असेच खाकरायचे.

"उकरून काढायचा का?" मी विचारलं. हा विनोद नव्हता.

काकूनं नाही म्हणून मान हलवली. "माझ्याच हातनं झालं भीम्या. त्यांना अडकवलं मी, आन् अत्तीलाबी."

अत्ती म्हणजे सासू. सासूनं चादरीतून हात बाहेर काढला. त्या हाताला आता वजनच नव्हतं. "उकरू नगा. जलमभर हुबा ऱ्हायला इंजनात. बसलाय तर बसू दे." मग तिला कळ आली. ती कळ किती वेळ चालली ते मला सांगायचं नाही. संपल्यावर ती मला म्हणाली, "तू शिकलायस न्हवं थोडं? कायतरी लिव की कुनाला. लौकर कर, राजा."

त्यावर तिप्पण्णाला आठवलं. गोळा हरवला तर रेल्वेत कायदा आहे: स्टेशन मास्तर तपास करतो आणि कागदावर परवाना, म्हणजे कागदी लाइन क्लिअर, लिहून देतो. त्या कागदावर गाडी पुढं काढता येते. काकांनी नोकरीत असले कागद घेतलेले होते. कागद ते मानतील.

मी त्याच दिवशी स्टेशनात गेलो. खिडकीतल्या बाबूनं ऐकून घेतलं. त्याला वाटलं, मी परीक्षेमुळे असा झालोय.

"सेक्शन कोणतं?"

"आमचं घर ते पुढं."

"पुढं म्हणजे?"

"ते मला कसं माहीत असणार, साहेब? मी अजून त्या लाइनला गेलेलो नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं, माझ्या मिशीकडे बघितलं आणि म्हणाला, लेखी द्या. म्हणून लेखी देत आहे.

मा. स्टेशन मास्तर साहेब यांस, स. न. वि. वि. आमचे कै. काका चनबसप्पा, ड्रायव्हर, हे आमच्या राहत्या घरून रीतसर गोळा घेऊन निघाले असून अद्याप सेक्शनमध्ये आहेत. सदर गोळा परत मिळण्यासारखा नसल्याने तो हरवला असे समजून रद्द करण्यात यावा, काकांना पुढील स्टेशनात बिनगोळा येऊ देण्याविषयी तेथील मास्तरांस तारेने कळवावे, आणि त्यांची गाडी पोचल्याची खबर येताच मागील गाडी, प्रवासी एक, नाव पार्वतम्मा, सामान काही नाही, हिला कागदी लाइन क्लिअर देण्याची कृपा व्हावी. प्रवासी फार दिवसांपासून तयार असून वेदना सहन होत नाहीत, तरी विलंब न करता दुपारी वीज जाण्यापूर्वी हुकूम व्हावा, ही विनंती.