गाईंची भाषा

तुंजायनं आणि मी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मागणी घालायला त्याचे वडील नुरेत्तिनकाका काळ्या समुद्राकाठच्या डोंगरातून आयवालिकला आमच्या घरी आले. कॉफी हातात पडताच त्यांनी घराणं सांगायला घेतलं. “आमचे पूर्वज मध्य आशियातून घोड्यांवर बसून आले. अस्सल तुर्क! भेसळ औषधालाही सापडायची नाही.”

आईची मान खाली गेली. आमचे पणजोबा क्रीट बेटावरून बोटीनं आलेले. मुसलमान खरे, पण घरात ग्रीक बोलायचे. गावात आम्हाला अजूनही ‘अर्धे काफिर’ म्हणत.

आजी मात्र कोपऱ्यातून आपल्या ग्रीकमध्ये पुटपुटली, “याचा घोडा दमत कसा नाही गं?”

नुरेत्तिनकाका खो खो हसले आणि एकदम दचकून आजीकडे बघू लागले.

“बाबा, तुम्हाला कळलं?” तुंजायनं विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. “माझी आई गोठ्यात गाईंशी असंच बोलायची. घराबाहेर बोललीस तर बघ, असा वडिलांचा दम होता. ती गेली, त्यानंतर आज ऐकलं.”

आजी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. “काय म्हणायची रे गाईंना?”

त्यांनी आठवून आठवून चार शब्द उच्चारले. डोळे भरून आले होते.

“चुकलास,” आजी म्हणाली. “असं नाही म्हणत.”

“आमच्याकडे असंच म्हणतात!” काका हट्टानं म्हणाले.

दोघांचा वाद असा रंगला, की मागणी घालायची आठवण शेवटी तुंजायलाच करून द्यावी लागली.