कमल जगली आहे

पाचोऱ्याच्या स्टेशन रोडवर रिखबचंदशेठचे रेडिओ-टीव्हीचे दुकान आहे. दुकानाच्या मागच्या पडवीत, पाण्याच्या टाकीला टेकून एक तडा गेलेला जुना फळा उभा आहे. मित्रांनो, तो मीच. आता माझ्यावर कोणी लिहीत नाही. पण एके काळी लोक मला वाचल्याशिवाय स्टेशनाकडे वळत नसत.

सागाच्या चार फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले आणि काळा रंग देऊन शाळेत पोचवले. चौथीच्या वर्गात मी बावीस वर्षे काढली. तोताराम गुरुजी माझ्यावर शुद्धलेखन घालत. त्यांच्या हाताचा दाब इतका हलका होता, की खडू लागलेला मला कळतही नसे. पुढे भिंतींवर सिमेंटचे फळे आले आणि मला अडगळीच्या खोलीत टाकले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. त्याच वर्षी गुरुजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी शालीऐवजी मला मागून घेतले आणि रिखबचंदशेठच्या ओट्यावर आणून टांगले. शेठ त्यांचे जुने मित्र. रोजच्या ठळक बातम्या लिहायच्या, एवढेच माझे काम ठरले.

मग सत्याऐंशी साली 'पीली कोठी' ही मालिका सुरू झाली. दर गुरुवारी संध्याकाळी शेठ दुकानातला टीव्ही ओट्याकडे तोंड करून ठेवत आणि शंभर-सव्वाशे माणसे रस्त्यावर बसून बघत. कोठीचा मालक ठाकूर भर लग्नघरातून नाहीसा होतो. त्यानंतर दर महिन्याला कोठीवर एक बिननावाचा लिफाफा येतो, त्यात एक वाळलेले फूल. ठाकूर गेला कुठे? फूल कोण पाठवतो? सगळा गाव त्याच कोड्यात अडकला.

गुरुजींनी माझ्यावर मथळा लिहिला : 'ठाकूर का गेला?' ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे, खाली नाव घालावे आणि पुढच्या गुरुवारी सगळे पुसावे, असा नियम केला. काय काय लिहीत लोक! मुनीमजीने त्याला विहिरीत ढकलले. ठाकुराला जुळा भाऊ आहे. पुना टांगेवाल्याला लिहिता येत नव्हते. त्याने गुरुजींकडून लिहवून घेतले : 'कोठीतला मुका स्वयंपाकी हाच ठाकूर. दोघं जिना चढताना डावा पाय आधी टाकतात.' त्यावरून रसवंतीत दोन तास वाद झाला. गाडीतून उतरलेले लोक मला वाचत आणि तेच तर्क पुढच्या गावी नेत. मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

एका दुपारी ओटा रिकामा होता. दुकानाच्या वरच शेठचे घर होते. तिथे स्वयंपाकाला येणाऱ्या सुनंदाबाई जिन्याने खाली आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, खडू उचलला आणि माझ्या तळाशी लिहिले : 'तो येत नाही, कारण त्याला वाटते कमल मेली. कमल जगली आहे.' खाली नाव घातले नाही. लिहून होताच त्या झटकन जिना चढून गेल्या.

संध्याकाळी लोक पोट धरून हसले.

"ही कमल कोण आली रे?" पुना म्हणाला. "पहिलेपासून बठ्ठी मालिका पाह्यनी मी. कमल नावनी बाईच नही!"

गुरुवारी ती ओळ बाकीच्यांबरोबर पुसली गेली. दुसऱ्या आठवड्यात सुनंदाबाईंनी तीच ओळ पुन्हा लिहिली. आता तो गावाचा विनोदच झाला. कोणाचे उत्तर चुकले, की लोक म्हणत, "अरे, कमल जगली आहे!" मला राग येई, पण फळ्याला बोलता येत नाही.

तिसऱ्या वेळी गुरुजी नेमके दुपारी आले आणि सुनंदाबाईंच्या हातात खडू दिसला.

"तुम्ही होय?" गुरुजी जरा चिडूनच म्हणाले. "अहो, मालिकेत नसलेलं कशाला लिहिता?"

सुनंदाबाईंनी पदराने डोळे टिपले. "गुरुजी, ते मालिकेतलं नाहीच. आमच्या घरातलं आहे."

मग त्यांनी सारे सांगितले. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पती जीवराम ट्रॅक्टरने कापूस आणत होते. मागे कापसावर बसलेली त्यांची सहा वर्षांची पुतणी कमल वळणावर खाली पडली. तिचे रक्त आणि मिटलेले डोळे पाहून जीवरामांना वाटले, पोर गेली. लोक तिला उचलत असतानाच ते शेताशेतांतून निघून गेले. कमल दीड महिना धुळ्याच्या दवाखान्यात होती. ती बरी झाली.

"कमलचे वडील, माझे दीर, आधी म्हणाले, त्याचं तोंड बघणार नाही. नंतर तेच गावोगाव शोधत फिरले. कुठे पत्ता नाही. मी बघितलं, या फळ्यावरचं लोक गाडीत बोलतात. म्हटलं, बोलता बोलता एखादेवेळी त्यांच्या कानावर जाईल."

गुरुजींनी ती ओळ पुन्हा वाचली. "आणि मी दोनदा पुसलं," एवढेच म्हणाले. मग त्यांनी माझा मथळा पुसला आणि त्या जागी आपल्या वळणदार अक्षरात तीच ओळ मोठी करून लिहिली. पुढे भर घातली : 'ती आता चालते. सगळे वाट पाहतात.'

मिरचीचे व्यापारी रतिलालशेठ दर आठवड्याला जळगावला गाडी बदलून दोंडाईच्याला जात. गुरुजींनी त्यांना गाठले. "रतिलालशेठ, तुम्ही हा विनोद फार छान सांगता. आता जिथे उतराल तिथे सांगा. नाव मात्र विसरू नका. कमल."

"विनोदच ना?" रतिलालशेठ म्हणाले.

"ऐकणाऱ्यावर आहे," गुरुजी म्हणाले.

पाच गुरुवार गेले. मालिका संपली. पुनाचे म्हणणे खरे ठरले, मुका स्वयंपाकीच ठाकूर निघाला! पुनाला लोकांनी खांद्यावर घेतले. सुनंदाबाई मात्र जिन्यातूनच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "गुरुजी, खेळ संपला. फळा पुसून दिवाळीच्या मालाची जाहिरात लिहू?" गुरुजींनी हात जोडले. "एक आठवडा थांबा."

त्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारची गाडी येऊन गेली. डोक्याला उपरणे गुंडाळलेला, मिरचीच्या धुळीने डोळे लाल झालेला एक माणूस माझ्यापुढे उभा राहिला. त्याने ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग बोट लावून एकेक अक्षर वाचले आणि ओट्यावर बसला.

गुरुजी दुकानातच होते. त्यांनी जिन्याकडे तोंड करून जोरात हाक मारली, "सुनंदाबाई! खाली या!"

त्या आल्या, त्यांच्या हाताला कणीक तशीच होती.

"कोठे व्हतात तुम्ही?" त्यांनी विचारले.

"दोंडाईचाले. मिरचीनी वखारमा." जीवरामांनी उपरण्याने तोंड पुसले. "माले वाटनं, पोर मरी गयी. एक शेठ हासत हासत सांगे, पाचोराना फळावर लिखेल शे, कमल जगली आहे. मी हातमानं पोतं तठेच टाकं... खरं शे का?"

"खरं शे. तिसरीत शे ती आते. चाला घर."

जीवराम लहान मुलासारखे रडले. सुनंदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला, दोन वर्षे कोंडून ठेवलेला. माझ्या सागाच्या चारही फळ्या त्या क्षणी सैल झाल्या. पुनाने टांगा जोडला आणि दोघांना त्यांच्या गावाच्या रस्त्याने घेऊन गेला. तो गेल्यावर गुरुजींनी फडके भिजवले आणि ती ओळ अगदी सावकाश पुसली. इतक्या सुखाने मी कधीच पुसला गेलो नव्हतो.

आता घरोघरी रंगीत टीव्ही आहे आणि ओट्यावर कोणी जमत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. एकच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गातल्या फळ्यावर, पाटीवर, वहीच्या कोपऱ्यात कोणाचे उत्तर प्रश्नाशी जुळत नसेल, तर हसून पुसू नका. लिहिणाऱ्याजवळ दोन मिनिटे बसा. विचारा, "हे तू का लिहिलंस?" आणि तो सांगेपर्यंत फडके खाली ठेवा.