पन्नास मिनिटांची फेरी

नगरपालिकेने फूड ट्रकसाठी जे नवं नियमपुस्तक काढलं, ते दोन समित्यांनी मिळून लिहिलं होतं. मिळून म्हणजे एकीने पहिली वीस पानं, दुसरीने पुढची वीस. मधे कोणी कोणाचं तोंडही पाहिलं नाही. त्यामुळे नियम नऊ म्हणाला, ट्रक एका जागी अर्ध्या तासाच्या वर उभा राहायचा नाही. आणि नियम सतरा म्हणाला, परवान्याची तपासणी रस्त्यावरच, शेगडी पेटलेली असताना, सलग पन्नास मिनिटं व्हायला हवी.

या दोघांच्या कात्रीत अकरा ट्रक सापडले. इन्स्पेक्टरसाहेब यायचे, अर्धा तास मन लावून तपासायचे, आणि एकतिसाव्या मिनिटाला, ट्रक जास्त वेळ उभा राहिला म्हणून, तपासणी रद्द करायचे.

बारावा ट्रक मावशींचा. मावशी म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या मावशी. सूप आणि सँडविच विकायच्या. त्यांचा जुना परवाना आज संध्याकाळी पाचला संपत होता. तोवर नवा मिळाला नाही, तर उद्या ट्रक जप्त.

ट्रक गेल्याचं दुःख मावशींनी गिळलं असतं. पण ट्रक गेला की नवरा घरी येणार, ही खरी धास्ती होती.

काकांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने ते घरात होते, आणि त्या तीन महिन्यांत मावशी अर्ध्या झाल्या. काकांनी न्हाणीघराच्या दाराला वेळापत्रक चिकटवलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत लावले, त्यामुळे साखर कुठे आणि साबणचुरा कुठे हे देवालाही सापडेना. मावशी शेगडीपाशी असल्या की हे मागे उभे: "डावीकडे घे. सावकाश. हां, आता येऊ दे." शेवटी मावशींनी ट्रक घेतला आणि नवऱ्याला चाकामागे बसवलं. त्या दिवसापासून संसार पुन्हा रुळावर.

"अहो, ऐका," मावशींनी सकाळी चहा देताना सांगितलं, "उभं राहायचं नाही ना? मग नाही राहायचं. साहेब आत आले की गाडी सोडा. पन्नास मिनिटं नुसतं फिरवत राहा."

"रूट कोणता?" काकांनी विचारलं.

"कोणताही घ्या हो! मोठा रस्ता घ्या, सरळ."

इथे मावशींची चूक झाली. एरवी ट्रक घरामागच्या गल्लीतून थेट बागेच्या फाटकापाशी जायचा. मोठा रस्ता म्हणजे काकांचा जुना रूट, हे गडबडीत त्यांच्या डोक्यातून साफ गेलं.

दुपारी सव्वातीनला इन्स्पेक्टरसाहेब आले. उंच, किडकिडीत, नाकाच्या टोकावर चष्मा, छातीशी फॉर्म. पायरी चढून आत आले, घड्याळ पाहिलं, "सुरू," म्हणाले. आणि ट्रकही सुरू झाला.

"अहो बाई! गाडी का हलतेय?"

"नियम नऊ, साहेब. उभं राहायची चोरी आहे."

"पण तपासणी..."

"चालू गाडीत करायची नाही, असं कुठे लिहिलंय का? दाखवा, मी आत्ता थांबवते."

साहेबांनी एका हाताने फ्रिज धरला आणि दुसऱ्याने पुस्तक चाळलं. चाळीस पानांत तसं काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनाही एक तरी फॉर्म पुरा करायचा होता. अकरा तपासण्या आणि परवाना एकही नाही, म्हणून वरचे साहेब रोज टोमणे मारत होते.

"बरं," ते म्हणाले. "हात धुवायचं बेसिन?"

मावशींनी बेसिन दाखवलं. वळणावर बेसिननेच आपलं पाणी साहेबांच्या बुटात ओतून स्वतःची ओळख करून दिली.

"पाणी आहे," साहेबांनी लिहून घेतलं.

आणि मग ट्रक अलगद, अगदी पोटातलं पाणी न हलता, थांबला. मावशींनी खिडकीतून पाहिलं. बसथांबा! काकांचा पाय एकतीस वर्षांच्या सवयीने ब्रेकवर गेला होता. नियम अकरा: फूड ट्रक बसथांब्यावर उभा दिसला, तर परवाना जागच्या जागी रद्द.

त्यात काकांनी हौसेने आपल्या सीटशेजारी मागचं दार उघडायचा दांडा बसवून घेतला होता, अगदी बससारखा. तो त्यांनी ओढला. थांब्यावरच्या लोकांनी दार उघडलेलं पाहिलं आणि ते चढले. वर काय लिहिलंय हे बघतो कोण! एक आजीबाई, कापडी पिशवीसकट. एक टायवाला, फोनवर बोलत.

"दातांच्या दवाखान्याला जाते ना रे?" आजीबाईंनी साहेबांना विचारलं.

"आजी, ही बस नाही!"

"मग तू इथे काय करतोयस?"

साहेबांनी हातातला फॉर्म आजींपुढे धरला. काका मात्र गाडी सोडेनात. मावशींनी मधल्या पत्र्यावर मुठी आपटल्या. "अहो! चला की!" पण आतल्या माणसांच्या ओरडण्यावर बस हलवायची नसते, हे काकांच्या हाडीमांसी मुरलेलं. ते घंटेची वाट पाहत बसले. एवढ्यात साहेब फ्रिजचं तापमान बघायला वाकले आणि त्यांचं कोपर, गिऱ्हाइकाला हाक मारायची जी घंटा टांगली होती, तिला दोनदा लागलं. टण टण. ट्रक निघाला.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी घंटेची दोरी हातात घेतली ती घेतलीच.

पुढचे पाच थांबे असेच. ट्रक थांबायचा, दार उघडायचं, माणसं चढायची, मावशी घाईघाईने दोन टोले द्यायच्या. आत दहा जण झाले. साहेबांचा चष्मा एका खड्ड्यात सुपाच्या पातेल्यात पडला.

"झाकण का नव्हतं?" साहेब गरजले.

"तुम्हीच काढलंत ना, झाकण आहे का बघायला!"

मग फॉर्म टायवाल्याने हातात घेतला, कारण साहेबांना आता सगळंच धुक्यात दिसत होतं. "फ्रिज, चार अंश," तो वाचून दाखवायचा. "टोपी आहे. विझवायचं यंत्र आहे, त्यावर एक काकू बसल्यात." आजीबाईंनी तेवढ्यात सूप मागवून घेतलं. "मीठ जास्त झालंय, लिही रे," त्या म्हणाल्या.

"तो रकाना नाही, आजी. जरा पुढे सरका. पुढे सरका, मागच्यांना जागा द्या!" साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ऐकून स्वतःच दचकले.

सातव्या थांब्यावर खाकी कपड्यांतल्या एक बाई उभ्या होत्या, हातात पावतीपुस्तक. बसथांब्यावरच्या गाड्या पकडायच्या पथकाच्या. त्या पायरीवर चढल्या. "फूड ट्रक, बसथांब्यावर! ड्रायव्हर कोण? परवाना काढा, रद्द करायचाय."

"किती मिनिटं झाली?" साहेबांनी टायवाल्याला हळूच विचारलं.

"चव्वेचाळीस."

मावशींनी टण टण केलं. काकांनी आरशात पाहिलं, पायरीवर माणूस आहे हे बघून दोन क्षण थांबले, पथकाच्या बाई तोल सावरायला आत आल्या, आणि मगच गाडी हलली.

"थांबवा!"

"बाई, तुम्ही लिहिणार काय?" साहेब चष्म्याशिवाय भलतीकडेच बघत म्हणाले. "वाहन उभं आहे, असं ना? ते तर चाललंय."

"ठीक आहे," पथकाच्या बाई पातेल्याला टेकून म्हणाल्या. "पुढचा थांबा येऊ दे. मी पेन उघडूनच ठेवते."

पुढचा थांबा समोर दिसत होता. माणसं हात करत होती. काकांचा वेग कमी व्हायला लागला. मावशींच्या डोळ्यांपुढे डबे उंचीप्रमाणे उभे राहिले.

"अहो, थांबू नका! तुम्हाला माझी शपथ!"

गाडीचा वेग आणखी उतरला.

"असं ओरडून काय होतंय?" आजीबाई सुपाचा घोट घेत म्हणाल्या. "ह्या ड्रायव्हरच्या बसने जन्म गेला माझा. गाडी भरली की कंडक्टर तीन टोले देतो."

टण टण टण.

पायाखालचा ट्रक एकदम उसळला. खिडकीतून मावशींना नवऱ्याचा हात बाहेर आलेला दिसला. थांब्यावरच्या लोकांना तो ऐटीत खूण करत होता: मागची येतेय, मागची रिकामी आहे! पथकाच्या बाईंचं पेन हवेतच राहिलं. पुढचा थांबाही गेला. त्याच्या पुढचाही गेला. तिथे दातांचा दवाखाना होता.

"जाऊ दे, तसाही दात दुखायचा थांबलाय," आजीबाई म्हणाल्या.

"पन्नास!" टायवाला ओरडला. अख्ख्या ट्रकने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी टायवाल्याने दाखवलेल्या जागी सही केली आणि खिशातून शिक्का काढून ठोकला. पहिला शिक्का सँडविचवर बसला, दुसरा फॉर्मवर.

ट्रक थांबला तो थेट बसच्या आगारात. काका उतरले, मागे आले, आणि खाली उतरणाऱ्या माणसांच्या रांगेकडे समाधानाने बघत राहिले. पथकाच्या बाईंनी नियमपुस्तक पुढून वाचलं, मागून वाचलं. बसथांबा होता. आगार नव्हतं.

"एक सूप द्या," त्या म्हणाल्या.

शिफ्ट संपवून आलेले ड्रायव्हर-कंडक्टर एव्हाना खिडकीपाशी जमले होते. मावशींनी परवान्याची घडी पोलक्यात खोचली आणि पातेल्यातला चष्मा डावाने काढून, नळाखाली धुऊन साहेबांना दिला.

"झालं का गं काम?" काकांनी विचारलं.

"झालं. उद्या सकाळी सातला निघायचं."

"पावणेसातला," काका म्हणाले. "रहदारी असते."

मावशींनी एवढ्या प्रेमाने नवऱ्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"चला साहेब, ऑफिसला सोडतो तुम्हाला," काका चावी फिरवत म्हणाले. "परतीची फेरी आहेच."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काचेवर अजून तांबूस छटा होती. त्यांनी ट्रककडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, ओल्या बुटांकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "मी आपला चालत जातो."