खळ घातलेली लुगडी

रचनाचं पत्र गेल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास आलं आणि मी त्याला कित्येक महिने उत्तर दिलं नाही. रचना माझी भाची, नवरा विनेशबरोबर उरणला असते. मला फोनवर धड बोलता येत नाही, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मी ‘बरं, ठेवतो’ म्हणतो, हे तिला माहीत आहे. म्हणून तिनं शाईच्या पेनानं दोन पानं लिहिली होती.

‘मामा, मी गोधड्या शिवायला लागले आहे. आवडलं की कापड घेऊन ठेवते. आता कपाटाचं दार लागत नाही. विनेश विचारतो, या घरात माणसांनी राहायचं की चिंध्यांनी? कापड साठवावं, की लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणावं? आणि साठवायचं तर कसं? मामी असती तर तिला विचारलं असतं. तिच्या कपाटाचं तुम्ही काय करणार आहात?’

मी जन्मभर मुरुडच्या वाचनालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली. गोधड्या शिवायची ती माझी बायको, सखू. तिची नजर अधू झाल्यावर सुईत दोरा ओवून देण्यापुरता माझा संबंध. मी कोणत्या तोंडानं सल्ला देणार? तरी लिहायला बसलो. ‘मला असे वाटते, अर्थात मी चुकत असेन’ इथपर्यंत पोचलो की पुढचं सुचेना. कागद फाडायचो, नवा घ्यायचो, पुन्हा तिथंच अडायचो.

खरी अडचण शेवटच्या प्रश्नाची होती. सखूचं कपाट मधल्या खोलीत आहे. त्यात तिची सुती लुगडी, माझी जुनी धोतरं, शिंप्याकडून आणलेली कातरणं, शेजारणींनी दिलेल्या साड्या. ती गेल्यावर मला जे येतं ते मी केलं. सगळं नीट लावलं. प्रत्येक कापड धुतलं, तांदळाच्या पेजेची खळ घातली, इस्त्री करून कडक घड्या घातल्या आणि फडताळात पुस्तकं लावावीत तसं रंगाप्रमाणे रचून कुलूप घातलं. मग कितीतरी पावसाळे ते उघडलं नाही. कपाट तिच्या वेळेपेक्षा सुबक झालं याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा अभिमान होता.

माघात एका सकाळी आवडाबाई आल्या. कोळीवाड्यातलं त्यांचं घर आमच्या कुंपणाला लागून. सखूची नि त्यांची गट्टी होती.

“बापू, सखूचं कपाट उघडा. मना सुती कापड पायजे.”

“कशाला?”

“कशाला म्हंजे? पूनमचं दिवस भरत आलं. नातवंडाला काय नायलॉनवर झोपवू?”

पूनम त्यांची सून. आमच्याकडे बाळाचं अंग पहिल्यांदा जुन्या सुती कापडालाच लागायला हवं. नवं कापड टोचतं. वापरून वापरून मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी बारशाच्या आत तयार लागते.

“तुमची लुगडी कुठं गेली?”

“बोहारणीला दिली आन् टोप घेतला. त्यो टोप बी गळतो आता. त्यात निजवू म्हनता बाळाला?”

मी म्हणालो, विचार करतो.

“करा की. पर चावी हातात घेऊन करा.”

चावी हातात घेतल्यावर विचार करण्यासारखं काही उरलं नाही. कुलूप उघडलं. सगळ्यात वरचं हिरवं लुगडं मी दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचा अर्धा भाग फळीवरच राहिला. घडी जिथं होती तिथं कापड तुटलं होतं. त्याखालचंही तसंच. घडीच्या प्रत्येक रेघेवर भोकांची रांग, आणि चंदेरी किडे सैरावैरा पळत होते.

कसर. या किड्याची माझी जुनी ओळख. बांधणीच्या खळीसाठी तो पुस्तकं खातो. वाचनालयात मी त्याच्याशी जन्मभर झगडलो होतो, आणि घरी त्यालाच तांदळाची पेज घातली होती. सखू ठेवणीच्या कापडाला कधी खळ घालायची नाही. घडी न घालता ती गुंडाळून ठेवायची. मार्गशीर्षात सगळं बाहेर काढून उन्हात टाकायची. हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो, आणि मला वाटलं होतं, तिचं जरा अव्यवस्थितच असतं.

“अगं बाय! बापू, तुमी तर किड्यांची पंगत बसवलीत!” आवडाबाई हसायला लागल्या, आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

“सगळं गेलं,” मी म्हणालो.

“मी दुसरीकडं बघते कापड. तुमी बसा जरा.”

मी बसलो नाही. लुगडं खिडकीशी नेऊन उजेडावर धरलं, जुनं पान धरतो तसं. भोकं फक्त रेघांवर होती, जिथं खळ जाड बसली होती. दोन रेघांमधलं कापड धड होतं. ओढून पाहिलं. टिकलं. पुस्तकाची कड गेली म्हणून मी कधी पुस्तक रद्दीत घातलेलं नाही.

“जाऊ नका,” मी म्हणालो. “कात्री आणा.”

“तुमी कापनार? सखूची लुगडी?”

“मीच कापणार.”

रेघा कापून टाकल्या आणि उरलेली कापडं खळ जाईपर्यंत विहिरीच्या पाण्यात भिजवली. वाळत घालायला आवडाबाईंनी आपले बोंबील वाळवायचे बांबू देऊ केले.

“नको. बाळाला बोंबलाचा वास येईल.”

“कोळ्याचं बाळ हाय बापू, गुलाबाचा येनार का?”

मी ऐकलं नाही. आमच्याच अंगणात दोरी बांधली.

लावताना या वेळी मी रंग पाहिला नाही. प्रत्येक तुकडा चिमटीत धरून किती विरला आहे ते पाहिलं. दणकट कापड विरलेल्याच्या शेजारी शिवलं, तर ते ओढून त्याला फाडतं. जुन्या पानाला कडक नवा कागद चिकटवला की पान तसंच फाटतं, हे मला पक्कं माहीत होतं. विरलेले तुकडे आत, जरा धड ते वर आणि माझं धोतर अस्तराला. आवडाबाई एका कडेनं शिवत होत्या, मी दुसऱ्या.

“तुमचा टाका मुंगीचा हो. पोर कालेजात जाईल तवा संपंल.”

“तुमचा होडीएवढा आहे. पोराचा पाय अडकेल त्यात.”

असं उलट उत्तर मी फारसं कुणाला देत नाही. त्या दिवशी आलं.

पूनमला मुलगी झाली. बारशाला गोधडी पाळण्यात होती. आगरदांड्याहून आलेल्या विहीणबाईंनी ती बोटांनी चाचपून विचारलं, कुठल्या दुकानातली? आवडाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “दुकानाचा मालक फोनवर बोलत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर रचनाला लिहायला बसलो.

‘चि. रचना हिस अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला. कापड साठव. जुनं सुती हवं तेव्हा बाजारात मिळत नाही. ते घराघरांतून बोहारणीकडे जातं, म्हणून आधी मैत्रिणींना सांगून ठेव. नायलॉन घेऊ नकोस, कितीही सुंदर असलं तरी. दुकानात नवं कापड आवडलं तर आधी स्वतःला विचार, हे कोणत्या गोधडीत जाणार? उत्तर आलं नाही तर दुकानातच राहू दे. अस्तराचे मोठे तुकडे वेगळे ठेव, त्यांना कात्री लावायचा मोह होतो. धुऊन, खळ काढून, गुंडाळून ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्या दमट हवेत कापडाला आत घाम फुटतो. रंगाप्रमाणे लावू नकोस, विरलेपणाप्रमाणे लाव. वर्षातून एकदा सगळं उन्हात घाल, आणि जे हातात घेऊन शिवावंसं वाटत नाही ते देऊन टाक. कपाटाचं दार लागत नसेल तर विनेशचं बरोबर आहे. पण त्यावर उपाय शिवणं हा आहे, साठवणं सोडणं नव्हे. कुलूप मात्र घालू नकोस.

मामीच्या कपाटातलं अर्धं कापड तुझं. मी ते कापून, धुऊन ठेवलं आहे. उरलेलं मला लागणार आहे. कोळीवाड्यात अजून दोघींचे दिवस भरत आले आहेत. विनेशलाही घेऊन ये, गाठोडं जड आहे.’

पत्र पुन्हा वाचलं. ‘मला असे वाटते’ कुठंही आलं नव्हतं. एखाद्या ठिकाणी घालावं का, म्हणून पेन उचललं, आणि टोपण लावून ठेवून दिलं.

पाकीट चिकटवून चालत पोस्टात गेलो आणि पेटीत टाकलं.